फॉर्मवर कुत्रा, हेडलाइटमध्ये गव्याचे केस: कोयनानगर–पाटण रस्त्यावरचे एक प्रकरण

क्लेम फॉर्मवर एकच ओळ होती: ‘अचानक कुत्रे आडवे आल्याने गाडी घसरली.’ वाहन विम्याचा सर्व्हेयर म्हणून हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की कुत्रं ही जमात संपली तर अर्धे लोक फॉर्म कसा भरतील, हा प्रश्न पडतो. पण या गाडीचं आणि त्या कुत्र्याचं काही जुळेना.

साडेतीनशे सीसीची टूरिंग गाडी, दोन वर्षं वापरलेली. पुढचा मडगार्ड धड, रिम सरळ, फोर्कवर ओरखडासुद्धा नाही. कुत्रं चाकाखाली येतं किंवा चाकाला धडकतं. मार लागतो तो खाली. इथे सगळा मार कमरेच्या वर आणि फक्त डाव्या बाजूला होता. आरशाची दांडी मागे वळलेली, क्लचचा लिव्हर मुठीला चिकटलेला, डावा इंडिकेटर मुळासकट गेलेला, हेडलाइटची डावी कड फुटलेली. उजव्या बाजूचं नुकसान वेगळ्या जातीचं होतं: सायलेन्सर, फूटरेस्ट आणि लेगगार्ड डांबरावर घासून पांढरे पडलेले. म्हणजे धडक डावीकडून, वर, आणि मग गाडी उजव्या कुशीवर पडून घसरत गेलेली. आरशाच्या उंचीचं कुत्रं सातारा जिल्ह्यात तरी मी पाहिलेलं नाही.

हेडलाइटच्या फुटक्या रिंगमध्ये सात-आठ केस अडकले होते. आखूड, जाड, काळपट तपकिरी. चिमटीत धरले तर किंचित तेलकट लागत होते. म्हशीचे असू शकले असते, पण मालकाला एवढंच विचारलं, “गवा होता का?” आणि तो खुर्चीत मागे टेकला. “साहेब, गवा लिहिलं की फॉरेस्टचं लफडं मागे लागतं म्हणाले सगळे.”

ते लफडं काय, ते पुढे सांगतो. आधी प्रसंग. मी स्वतः सुट्टीला या रस्त्यांवर गाडी चालवतो, त्यामुळे कागदापुरतं विचारून मला भागलं नाही. तिघांशी वेगवेगळं बोललो, जागेवर जाऊन आलो आणि तिथल्या एका शेतकऱ्यालाही भेटलो. लिहिण्याला त्या सर्वांची हरकत नाही. नावं-गावं मात्र मुद्दाम गाळली आहेत.

तिघे इस्लामपूर भागातले, तिशीच्या आसपासचे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला रविवार. सकाळी कराड, पाटण, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथे मासे, आणि परत. गुहागरहून चिपळूण, पाटण, कराडमार्गे विजापूरकडे जाणारा हा १६६ई क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. दिवसा चालवायला झकास. जेवण लांबलं, घाट चढून कोयनानगरला चहा घेईपर्यंत सूर्य मावळला. त्या दिवसांत इथे सहाच्या आसपास मावळतो आणि डोंगरांमुळे दरीत त्याच्याही आधी अंधारून येतं. पावणेसातच्या सुमारास ते पाटणच्या दिशेने निघाले होते.

या पट्ट्याचा भूगोल ध्यानात घेतला नाही तर पुढचं कळणार नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. नकाशावर त्याला रेघ आहे, गव्याला ती दिसत नाही. नोव्हेंबरात भात निघालेलं असतं, डोंगरातलं गवत पिवळं पडायला लागतं, आणि खाली नदीकडच्या शिवारात शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी, हरभरा, गहू नुकता हिरवा होत असतो. दिवसभर डोंगराच्या झाडीत बसलेला कळप अंधार पडला की खाली उतरतो, पहाटे वर जातो. रस्ता या दोन जागांच्या मधोमध आहे. वन्यप्राण्यांचे फलक बहुधा झाडी दाट असते तिथे लावलेले असतात. ओलांडणं मात्र होतं ते जिथे एका बाजूला पीक आणि दुसऱ्या बाजूला चढ असतो तिथे. फलक संपला म्हणून अॅक्सिलरेटर पिळणारा माणूस नेमका चुकीच्या जागी पिळतो.

आता क्रम. निघाल्यावर थोड्याच वेळात थंडी वाजायला लागली म्हणून तिघे जॅकेट घालायला थांबले. तेव्हा खालच्या अंगाला फटाके वाजल्याचं तिघांनाही आठवतं. चार-पाच सुतळी बॉम्ब, थांबून थांबून. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, लग्नसराई सुरू, मधल्या गाडीवरचा म्हणाला, “वरात दिसतीय कुणाची तरी.” मग पुढे निघाले.

त्या शेतकऱ्याला मी हे सांगितलं तर तो हसलाच. “बँड नाय, डीजे नाय, नुसतं फटाकं. मग लगीन कसलं? गवा घुसला व्हता शाळवात, त्यो हाकलत हुतो.” त्याच्या शिवारात त्या संध्याकाळी गवे नेहमीपेक्षा लवकर उतरले होते. त्याने आणि शेजारच्या दोघांनी बॉम्ब लावून, पत्र्याचे डबे वाजवून त्यांना वर पिटाळलं. एरवी कळप रस्त्याशी येऊन थांबतो, कानोसा घेतो, मग ओलांडतो. पिटाळलेला कळप थांबत नाही. शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. एका रात्रीत अर्धा एकर शाळू तुडवला जातो आणि भरपाईच्या पंचनाम्यासाठी हेलपाटे त्यालाच घालावे लागतात.

तिघांची रांग अशी होती: पुढे क्लेमची ती साडेतीनशे सीसीची गाडी, तिच्या मागे थोडी उजवीकडे तशीच दुसरी, आणि बरीच मागे एक सव्वाशेची रोजच्या वापराची गाडी, जिच्यावरून दिवसभर चेष्टा चालली होती. मधल्या गाडीला बाहेरून बसवलेले दोन पांढरे एलईडी दिवे होते. या दिव्यांकडे परत येतो.

सरळ रस्ता, डावीकडे शेतं, उजवीकडे चढ. समोरून चिपळूणकडे जाणारा ट्रक आला. त्याने डिपर दिला नाही. पुढच्याने गाडी डाव्या कडेला घेतली, वेग साठच्या आसपास. ट्रक गेला आणि क्षणभर पुढे काहीच दिसेना. मग डाव्या कडेला पांढरे दगड दिसले. “कडेला चुना मारलेले दगड असतात ना वळणावर, तसे. जवळजवळ, चार. आणि मग दगड चालायला लागले.”

हे वाक्य मी जसंच्या तसं नोंदवलंय, कारण या सगळ्या प्रकरणात मला यापेक्षा अचूक निरीक्षण मिळालेलं नाही. प्रौढ नर गवा काळाभोर असतो, वजन हजार किलोपर्यंत जातं, खांद्यापाशी उंची साडेपाच-सहा फूट भरते. पण चारही पाय गुडघ्याखाली पांढरट, मोजे घातल्यासारखे. गाडीचा दिवा डिपवर असताना उजेड हेडलाइटच्या उंचीच्या खालीच राहतो. त्यामुळे गव्याचं धड त्या उजेडाच्या वर, अंधारात राहतं. डोळेही वर राहतात, म्हणजे कुत्र्या-मांजराचे चमकतात तसे चमकत नाहीत. उजेडात येतात ते फक्त पाय. काळ्या डांबरावर, काळ्या झाडीपुढे, हजार किलोच्या जनावराची रस्त्यावर दिसणारी खूण म्हणजे चार पांढरे खुंट. आणि आपल्या डोळ्याला रस्त्याकडेच्या पांढऱ्या खुंटांची सवय असते. वळण नसताना, दरी नसताना कडेला चुन्याचे दगड कशाला असतील, हा प्रश्न साठच्या वेगात पडत नाही.

पहिला गवा रस्ता ओलांडून गेला. पुढच्याने करकचून ब्रेक दाबला, एबीएसने साथ दिली, वेग पंचवीस-तीसवर आला. “गेला रे!” असं तो हेल्मेटमध्ये ओरडलाही. आणि गिअर खाली टाकून त्याने पुन्हा वेग घेतला.

दुसरा त्याला दिसलाच नाही. डावीकडून आलेल्या गव्याची मान-खांदा थेट हँडलच्या डाव्या टोकाला लागला. गाडी उजवीकडे फेकली गेली. डांबरावरची घासल्याची रेघ मी मोजली, साधारण अकरा मीटर. त्यावरून पडतानाचा वेग पस्तीस-चाळीसच्या दरम्यान निघतो. वेगाबद्दल तरी मालक खोटं बोलत नव्हता. वेग बेफाम नव्हताच. उजव्या हासळीचं हाड मोडलं, गुडघा सोलला. हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारं होतं. हनुवटीवरचा भाग घासून खरबरीत झाला होता. अर्धं हेल्मेट असतं तर तिथे जबडा होता.

मधल्याने डावीकडे साइडपट्टीवर गाडी काढली, खडीत पुढचं चाक बसलं आणि तो जागच्या जागी आडवा झाला. त्याला फार लागलं नाही.

दुसरा गवा का दिसला नाही? ट्रकच्या उजेडाने दिपलेले डोळे पूर्ववत व्हायला काही सेकंद जातात, हे एक. पण त्याहून मोठं कारण मला जागेवर दोन गाड्या उभ्या केल्यावर कळलं. मधल्याचे ते पांढरे दिवे. मागून उजवीकडून इतका प्रखर उजेड आला की पुढच्या गाडीची आणि चालवणाऱ्याची लांबलचक सावली बरोबर पुढे डावीकडे पडते. ज्या कडेने गवे येत होते, त्याच कडेवर. सावलीच्या दोन्ही बाजू लख्ख, त्यामुळे सावली अधिकच काळी. त्यात पांढरे खुंटही दिसेनासे होतात. मित्राला रस्ता नीट दिसावा म्हणून मधला ते दिवे मुद्दाम चालू ठेवून होता. ग्रुपने जाणाऱ्यांपैकी फारच थोडे याचा विचार करतात. मीही जागेवर तपासेपर्यंत केला नव्हता.

आकडेमोड एवढीच. साध्या डिपच्या उजेडात काळं जनावर तीस-पस्तीस मीटरवर कळलं तर नशीब. ५५ च्या वेगाने जाताना मेंदूला कळून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला तर तेवढ्यात २३ मीटर जातात आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी १८, एकूण ४१. ४० च्या वेगाला हाच हिशोब २६ वर येतो. पावसाळ्यात आणखी वाढतो. म्हणजे या रस्त्यावर अंधारात ५५ हा वेग कागदावर सभ्य आहे, पण दिव्याला झेपणारा नाही. ही साधी गोष्ट लोकांना पटत नाही, कारण शंभरदा ५५ ने जाऊन काही झालेलं नसतं.

पण खरं सांगायचं तर या अपघातात वेगापेक्षा “गेला रे” जास्त महागात पडलं. वेग उतरलेला होता. गाडी हातात होती. पाच-दहा सेकंद तिथेच थांबला असता तर दुसरा, तिसरा आणि त्यामागचं पिल्लू पुढून निघून गेलं असतं. शेतकऱ्याचं म्हणणं: “येकटा गवा कुठं असतोय व्हय? येकटा असला तर म्हातारा नर, त्यो कळपातनं फुटल्याला. नायतर मागं असत्यातच.” बिबट्याचं उलट आहे. तो एकटा, चपळ, खाली वाकून झपकन जातो आणि त्याचे डोळे दिव्यात चमकतात. कराड-वाळव्याच्या उसाच्या पट्ट्यात तो दिसतो तेव्हा बहुधा गेलेलाच असतो. रानडुकरं एकामागे एक माळ लावून येतात, बुटकी असल्याने पुढच्या चाकाखाली घुसतात आणि गाडी समोरून उलटते. सांबर उडी मारतं, कुठे पडेल सांगता येत नाही. मोराचा धोका पहाटेचा, छातीच्या उंचीवर. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पण गवा आणि डुक्कर यांच्या बाबतीत पहिलं जनावर म्हणजे फक्त सूचना.

धडकेनंतरची दहा मिनिटं जास्त धोक्याची होती. कळप तुटला होता. दोन गवे उजव्या चढावर, दोन-तीन डावीकडे शेताच्या बांधावर, आणि मधे रस्त्यात हा पडलेला. पिल्लू एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला असेल तर मधल्या माणसाचं काय होतं, ते सांगायची गरज नाही. मधला उठून मोठमोठ्याने ओरडायला लागला होता आणि हॉर्न दाबायच्या बेतात होता.

इथे दोघांनी प्रसंग सावरला. एक तो सव्वाशेवाला. मागे असल्याने त्याला आधीच सगळं दिसलं. त्याने तीस-चाळीस पावलं अलीकडे गाडी लावली, चारही इंडिकेटर चालू ठेवले, मागून येणाऱ्या एसटीला हात केला. दुसरा तो शेतकरी, जो बॅटरी घेऊन गव्यांच्या मागोमाग बांधापर्यंत आला होता. त्याने लांबूनच सांगितलं, “पावणं, वरडू नगा. हालू नगा. दिवा हाय तसा राहू द्या. त्यास्नी वाट द्या.” एसटीच्या ड्रायव्हरने दिवे डिपवर घेतले, इंजिन बंद केलं, प्रवाशांना खाली उतरू दिलं नाही. मधल्याला बसच्या आडोशाला बोलावून घेतलं. पडलेला तसाच निपचित राहिला. त्याला नाहीतरी उठता येत नव्हतं. त्याच्यापासून पंधरा-वीस फुटांवर एक गवा फुस्स करून उभा होता, तो किती वेळ, हे कुणालाच सांगता येत नाही. मग बांधावरचे रस्ता ओलांडून वर गेले, पिल्लूही गेलं, आणि शेवटी तो उभा असलेला वळला.

हॉर्नबद्दल मतभेद आहेत. जनावर लांब असेल, रस्ता मोकळा असेल तर एखादा हॉर्न चालून जातो, असं बरेच जुने ड्रायव्हर सांगतात. पण कळप तुटलेला असताना, जवळून, सतत हॉर्न आणि रेस हा शुद्ध वेडेपणा आहे, यावर मी ठाम आहे. बुजलेला गवा आवाजापासून दूर पळेलच याची खात्री काय? तो मोकळ्या दिशेला पळतो, आणि मोकळी दिशा म्हणजे बऱ्याचदा रस्ता.

१०८ ला फोन लागला. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत कुणी हेल्मेट ओढून काढलं नाही, याचं श्रेय एसटीच्या कंडक्टर बाईंना. पाटणला प्राथमिक उपचार, रात्रीच कराड, दुसऱ्या दिवशी हासळीला प्लेट.

आता ते लफडं. गवा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतो, म्हणजे वाघाच्याच रांगेत. म्हणून गव्याला धडक बसली की आपल्यावरच केस होणार, अशी समजूत आहे. अपघात आणि शिकार यांत फरक आहे आणि तो पंचनाम्यात दिसतो, पण पंचनामा व्हायला कळवावं तर लागेल. दुसऱ्या दिवशी माझ्या सांगण्यावरून नाही, तर शेतकऱ्यानेच वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवलं होतं. वनरक्षक आले, माग काढत वर गेले. रक्त सापडलं नाही, खुरांचे ठसे चढावर सरळ गेलेले होते. तशी नोंद झाली. गाडीवाल्यांना एक जबाब द्यावा लागला. त्यापुढे काही झालं नाही.

उलट खरी अडचण कुत्र्याने केली असती. विमा कंपनीला दिलेली माहिती खोटी निघाली तर क्लेम नाकारायला तेवढं कारण पुरतं. गवा असो, म्हैस असो की कुत्रं, स्वतःच्या गाडीचं नुकसान धरणारी पूर्ण पॉलिसी असेल तर जनावराच्या धडकेचं नुकसान तिच्यात येतं. जनावर कोणतं, याने रकमेत एक रुपयाचा फरक पडत नाही. खोटं लिहून मिळवायचं तरी काय होतं?

मालकाने सुधारित जबाब दिला, वन विभागाच्या नोंदीची प्रत जोडली, मी केसांचा फोटो जोडला. क्लेम मंजूर झाला, पण पूर्ण रक्कम नाही. प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मी घसारा कपात (भाग जुना झाल्याची वजावट) होते, आणि हल्लीच्या गाड्यांत आरशापासून इंडिकेटरपर्यंत बहुतेक प्लॅस्टिकच. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. शून्य घसाऱ्याचं अॅड-ऑन घेतलं असतं तर ही कपात टळली असती. पॉलिसी ऑनलाइन काढताना ‘स्वस्त पडते’ म्हणून त्याने ते काढून टाकलं होतं. मालकाचा पंधरा लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा होता, पण तो मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी असतो, मोडलेल्या हासळीसाठी नाही. दवाखान्याचं बिल नोकरीतल्या मेडिक्लेमने भागवलं.

मधल्याकडे फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान धरणारी पॉलिसी होती. त्याच्या गाडीचं लेगगार्ड, हँडल आणि ते दोन पांढरे दिवे, सगळं खिशातून. दिवे तसेही मिळाले नसते. बाहेरून बसवलेली अॅक्सेसरी पॉलिसीत लिहून, तिचा जादा हप्ता भरल्याशिवाय धरत नाहीत.

हासळी भरून आल्यावर पुढचा मला भेटायला आला तेव्हा त्याला अधिक ताकदीचे दिवे बसवायचे होते आणि कोणते घ्यावेत हे विचारायचं होतं. मी म्हटलं, घ्यायचे तर पिवळसर घे, खाली रोखलेले लाव, आणि मागे असशील तेव्हा बंद ठेव. त्यापेक्षा चिपळूणहून तीनला निघ. अंधार झालाच तर कोयनानगरला मुक्काम कर, नाहीतर पाटणपर्यंत चाळीसच्या वर जाऊ नकोस आणि सव्वाशेवाल्याला पुढे घाल. शेवटचं त्याला आवडलं नाही. पण जानेवारीत ते पुन्हा गेले तेव्हा सव्वाशेवालाच पुढे होता, असं मधल्याने सांगितलं.